सणाच्या ताटातील वारसा : जुहूच्या गावठाणातील पाककृतींचा अभ्यास

जुहू म्हटले की वाळूचा लांबरुंद किनारा, भेळेच्या गाड्या, विमानतळाची जुनी धावपट्टी आणि चित्रपटसृष्टीतील मंडळींचे बंगले डोळ्यांसमोर उभे राहतात. या झगमगाटाच्या आड एक जुने गाव आजही नांदते आहे, याची अनेकांना कल्पना नसते. जुहू कोळीवाडा, मोरागाव आणि गावठाणातील अरुंद गल्ल्या यांतून वर्षातून काही दिवस असा सुगंध दरवळतो, की तो किनाऱ्यावरच्या कोणत्याही गाडीवर मिळावयाचा नाही. नारळी पौर्णिमेला तुपात परतलेल्या लवंगांचा, नाताळात तळल्या जाणाऱ्या फुग्यांचा आणि वैशाखाच्या उन्हात भाजल्या जाणाऱ्या मसाल्याचा हा सुगंध होय. आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकी-सुनांकडे आलेल्या या पाककृती म्हणजे या भागाचा एक अलिखित इतिहासच आहे. त्याची ओळख करून घेणे आणि तो टिकविण्याचा मार्ग शोधणे, असा या लेखाचा दुहेरी हेतू आहे.

बेटावरचे गाव

साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यालगत समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटर-दोन मीटर वर आलेला वाळूचा चिंचोळा पट्टा, हे जुहूचे मूळ रूप होते. ओहोटीच्या वेळी खाडी पायी ओलांडून येथे येता येई. दक्षिणेच्या टोकाला कोळी, तर उत्तरेच्या टोकाला भंडारी, आगरी आणि कुणबी अशी वस्ती होती. कोळ्यांनी मासे धरावेत, भंडाऱ्यांनी माडाताडांची ताडी काढावी, आगऱ्यांनी मिठाचा व्यवहार करावा आणि कुणब्यांनी शेत पिकवावे, अशी ही व्यवस्था होती. नारळ, ताडी, मीठ, मासळी आणि तांदूळ या पाच वस्तू गावातच होत्या. सणाचा स्वयंपाक याच पाच वस्तूंवर उभा राहिला.

१५३४ मध्ये साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि येथील काही कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली व पुढे १७७४ मध्ये ती इंग्रजांकडे गेली. सत्ता बदलत राहिल्या, तरी या कुटुंबांनी आपली मराठी बोली, आपले गाव आणि पुष्कळशा चालीरीती सोडल्या नाहीत. १८८७ मध्ये त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले व त्याच वर्षी त्यांची मुंबईतील संस्था स्थापन झाली. नाव इंग्रजी असले, तरी हा समाज याच मातीतला आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावले, की याची साक्ष पटते.

नारळी पौर्णिमेचा भात

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि मासळीच्या प्रजननाचाही हाच काळ असतो. म्हणून महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. कायदा येण्यापूर्वीही कोळी समाज या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवीत असे. घरात सुके बोंबील, जवळा आणि करंदी यांवर दिवस काढावयाचे आणि श्रावणी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करून पुन्हा दर्यात उतरावयाचे, असा हा क्रम आहे. त्या दिवशी घरोघरी नारळी भात आणि ओल्या नारळाच्या करंज्या होतात.

नारळी भाताची कृती वरवर सोपी वाटते. एक वाटी तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवावा. पातेल्यात दोन चमचे तूप तापवून त्यात चार-पाच लवंगा टाकाव्यात, त्यावर तांदूळ हलक्या हाताने परतावा आणि दोन वाट्या कढत पाणी घालून मोकळा भात शिजवावा. भात परातीत पसरून निवू द्यावा. मग एक वाटी चिरलेला गूळ व एक वाटी खवलेला ओला नारळ त्यात मिसळून मंद आचेवर झाकण ठेवावे. गूळ विरघळून रस आटला, की वेलचीची पूड घालून भात उतरवावा.

यातील मर्म एकाच गोष्टीत आहे. भात पूर्ण शिजण्याआधी गूळ पडता कामा नये. गूळ पाणी स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे दाण्यातील पिष्ट फुलावयाचे थांबते आणि शीत कडक राहते. पुढे कितीही वेळ आच दिली तरी ते मऊ होत नाही. जुन्या बायका हे कारण सांगत नाहीत. “आधी भात, मग गूळ” एवढेच त्या सांगतात. त्या तीन-चार शब्दांत पिढ्यांचा अनुभव साठलेला असतो.

करंजी एक, सण अनेक

नारळी पौर्णिमेची करंजी ओल्या नारळाची असते. सारणात ओलावा असल्याने ती दोन-तीन दिवसांत संपवावी लागते. दिवाळीच्या फराळातील करंजी सुक्या खोबऱ्याची असते, कारण ती आठवडाभर टिकावयास हवी. नाताळात ईस्ट इंडियन घरांत हीच करंजी ‘नेवरी’ या नावाने होते. तिच्या सारणात भाजलेला रवा, खोबरे, साखर, खसखस आणि वेलची असते. गोव्यातही तिला नेवरी म्हणतात आणि तेथे ती गणेशचतुर्थीला हिंदूंच्या घरी, तर नाताळात ख्रिस्ती घरी होते.

कडेला घातलेली मुरड तीच, पोटातला नारळ तोच आणि शेजाऱ्यांकडे ताट पाठविण्याची रीतही तीच. देवघर वेगळे झाले, तरी पोळपाट वेगळा झाला नाही, असेच म्हणावे लागते. गावठाणातील सलोख्याची ही खूण कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलकी आहे.

नाताळचे फुगे आणि ताडीचे कोडे

ईस्ट इंडियन घरांतील नाताळच्या जेवणाचा मान ‘फुग्यां’ना असतो. फुगा म्हणजे आंबवलेल्या पिठाचा, तळून गोल फुललेला छोटा पाव. तो मांसाच्या तिखट रश्शाबरोबर खातात. त्यासाठी अर्धा किलो मैदा, दोन अंडी, वाटीभर नारळाचे दूध, दोन चमचे साखर आणि चवीपुरते मीठ एकत्र करून लागेल तसे कोमट पाणी घालतात. पीठ भाकरीसारखे घट्ट नसावे आणि भज्यांच्या पिठासारखे पातळही नसावे. ते हाताच्या तळव्याने बराच वेळ फेटतात, म्हणजे त्यात हवा भरते. तीन-चार तासांनी पीठ दुप्पट फुगले, की ओल्या मुठीत घेऊन अंगठा व तर्जनी यांच्यामधून त्याचा गोळा वर दाबून काढतात आणि तो गरम तेलात सोडतात. ही मूठ साधली, की फुगा साधला.

पूर्वी हे पीठ आंबविण्यासाठी ताडी वापरीत. ताडामाडाचा ताजा रस काही तासांतच आपोआप आंबू लागतो, कारण हवेतील व मडक्यातील किण्वजीव त्यातील साखरेवर वाढतात. त्यातून निघणारा वायू पिठाला फुगवितो आणि सोबत येणारा किंचित आंबटपणा फुग्याला आपली खास चव देतो. ही ताडी भंडाऱ्याच्या हातून येई. म्हणजे ख्रिस्ती घराचा नाताळ भंडारी शेजाऱ्याच्या कसबावर अवलंबून होता.

पुढे ही साखळी तुटत गेली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यान्वये ताडीच्या झाडांवर कर बसला व भंडाऱ्यांचा परंपरागत धंदा अडचणीत आला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ताडीवर आणखी निर्बंध आले. शहर वाढले तशा जुहूच्या माडबागाही विरळ झाल्या. आता बहुतेक घरांत बाजारचे सुके यीस्ट वापरतात. फुगा तितकाच फुलतो, परंतु जाणत्या जिभेला त्यातील फरक कळतो. एखादी पाककृती बदलते, तेव्हा त्यामागे किती गोष्टी बदललेल्या असतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

बाटलीतला मसाला

या समाजाच्या स्वयंपाकाचा प्राण म्हणजे ‘बाटली मसाला’. पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांतील कडक उन्हात तो वर्षभरासाठी करून ठेवतात. दोन-तीन प्रकारच्या मिरच्या, धने, जिरे, हळद, तीळ, खसखस, मोहरी, मिरी, लवंग, दालचिनी, नागकेशर, दगडफूल असे वीस ते तीस जिन्नस त्यात पडतात. गहू व हरभऱ्याची डाळही भाजून घालतात. त्यामुळे रस्सा वेगळे वाटण न लावताच दाट होतो.

प्रत्येक जिन्नस स्वतंत्र भाजावा लागतो. खसखस क्षणात करपते, तर धने सावकाश भाजले जातात. सर्व एकत्र टाकल्यास काही कच्चे व काही जळके राहणार, हे उघड आहे. भाजलेले जिन्नस पूर्वी लाकडी उखळात मुसळाने कांडीत. दोघी-तिघी एका लयीत मुसळे चालवीत आणि कामासोबत गाणीही चालत. तयार मसाला गडद रंगाच्या काचेच्या बाटल्यांत ठासून भरीत. ठासल्याने आतली हवा निघून जाते आणि गडद काचेमुळे मिरचीचा रंग उजेडाने फिका पडत नाही. एकेकाळी घरात रिकाम्या झालेल्या बियरच्या बाटल्याच या कामी येत. मसाल्याचे नावही त्या बाटलीवरूनच पडले.

आज उखळाची जागा डंकाने घेतली आहे. श्रम वाचले, हे चांगलेच झाले. मात्र उखळाभोवती बसून मुली जे शिकत, ते शिकण्याची जागाही त्याबरोबर गेली. जिन्नसांचे प्रमाण हे घराचे गुपित असे. त्यामुळे ज्या घरात ते पुढे सांगितले गेले नाही, तेथे ते कायमचे हरवले.

हातचे माप

ही हानी कशी होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. जुन्या गृहिणीचे माप म्हणजे मूठ, चिमूट, ओंजळ आणि घरातील एक ठराविक वाटी. आच किती, याचे उत्तर “वास सुटेपर्यंत” असे मिळते. हे ज्ञान अपुरे नाही, ते अत्यंत अचूक असते. परंतु ते पाहून व करून शिकावयाचे असते, ऐकून नव्हे. तीन पिढ्या एका छपराखाली होत्या, तोवर हे शिक्षण न सांगता घडत होते. घरे लहान झाली, लेकी नोकरीसाठी बाहेर पडल्या, काही कुटुंबे उपनगरांत वा परदेशी गेली आणि सणाचे जिन्नस दुकानात तयार मिळू लागले. दोष कोणाचाच नाही. परंतु एक वृद्धा गेली, की तिच्याबरोबर एक संपूर्ण ग्रंथ जातो.

मराठीत पाकशास्त्राच्या लेखनाची परंपरा लहान नाही. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून मराठी घरांत मानाचे स्थान मिळविले. ईस्ट इंडियन पाककृतींची पुस्तके इंग्रजीत निघालेली आहेत. ज्या घरांची बोली मराठी आहे, त्या घरांच्या पाककृती त्याच बोलीतील शब्दांसह मराठीत याव्यात, ही अपेक्षा रास्त आहे.

जगातही या विचाराला मान्यता मिळाली आहे. युनेस्कोने २००३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा करार केला आणि भारताने तो २००५ मध्ये स्वीकारला. मेक्सिकोची पारंपरिक पाकपद्धती २०१० मध्ये व कोरियातील किमची घालण्याची सामुदायिक रीत २०१३ मध्ये या वारशाच्या यादीत आली. किमचीच्या बाबतीत गौरव झाला तो केवळ पदार्थाचा नव्हे, तर तो एकत्र जमून करण्याचा व वाटून घेण्याचा. गावठाणातील मसाल्याचे कांडप आणि करंज्यांची ताटे याच जातीची आहेत.

नोंद कशी करावी?

कोणत्याही कुटुंबाला, शाळेला किंवा महिला मंडळाला हे काम करता येण्यासारखे आहे. त्यासाठी पुढील पायऱ्या उपयोगी पडतील.

१. पाककृती विचारून लिहू नये, तर पदार्थ होत असताना शेजारी बसून लिहावी.

२. हातची मूठ पातेल्यात पडण्यापूर्वी तराजूवर वा मापाच्या वाटीत मोजून घ्यावी. मूळ शब्दही तसाच ठेवावा. उदाहरणार्थ, ‘एक मूठ, सुमारे ४० ग्रॅम’.

३. वास, रंग, आवाज आणि हाताला लागणारा पोत यांची खूण नोंदवावी.

४. पदार्थ कोणत्या सणाला, कोणासाठी व कोणी करावयाचा, शेजारी कोणाकडे पाठवावयाचा आणि त्या वेळी कोणती गाणी म्हणत, हेही लिहावे.

५. कोणता जिन्नस बदलला, कधी व का, याची वेगळी नोंद ठेवावी.

६. शेवटी तीच कृती घरातील तरुण मुलाने किंवा मुलीने केवळ लेखी नोंदीवरून करून पाहावी. पदार्थ जमला नाही, तर नोंदीत काय राहिले ते ताबडतोब कळते.

यातील सहावी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. वहीत उतरलेली पाककृती सुरक्षित होते, पण जिवंत राहते ती हातात उतरलेली. स्वयंपाक हे केवळ बायकांचे काम नव्हे, हेही या निमित्ताने घरातील मुलग्यांना शिकविता येईल.

जुहूचा किनारा सर्वांचा आहे. परंतु त्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्यांनी सणाच्या ताटात जे वाढून ठेवले आहे, ते त्यांच्याखेरीज दुसरे कोणी राखू शकणार नाही. येत्या नारळी पौर्णिमेला भात चुलीवर चढेल आणि नाताळात फुग्यांचे पीठ फेटले जाईल, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या बाईशेजारी एक वही, एक तराजू आणि एक नातवंड असावे. एवढी सिद्धता झाली, तरी या वारशाची पुढची पिढी निश्चित होईल.