नव्या समुद्री मत्स्यालयातील नायट्रेट: आधी आवक रोखा, मग उपाय योजा

भाताच्या खाचरात युरियाची मात्रा अवाजवी वाढली की तपकिरी तुडतुड्यांचा प्रादुर्भावही वाढतो, हे दुर्ग जिल्ह्यातील भात उत्पादकास नव्याने सांगावे लागत नाही. तुडतुडे डोळ्यांना दिसतात. अतिरिक्त नत्र दिसत नाही. दुर्गमधील पद्मनाभपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तेथील एखाद्या घरात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय उभारले, तरी त्याला हाच नियम लागू पडतो. नव्या टाकीत काचेवर तपकिरी थर आणि दगडांवर केसाळ हिरवे शेवाळ दिसू लागते. केवळ शेवाळ खरवडून काढणे म्हणजे युरिया कमी न करता फवारणी करत राहणे होय.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत (२०२०) परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाचा समावेश आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशसारख्या समुद्री शोभिवंत माशांच्या बीजोत्पादनाचे तंत्र विकसित केले आहे. त्यामुळे हा विषय विस्तार कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचणे स्वाभाविक आहे. मात्र प्रवाळभित्ती घडविणारे सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये संरक्षित आहेत. म्हणून टाकीत समुद्रातून काढलेले प्रवाळ किंवा प्रवाळखडक नकोत. सच्छिद्र सिरॅमिक किंवा सिमेंटचे कृत्रिम खडक आणि बीजोत्पादन केंद्रातील मासेच असावेत.

नत्राचा प्रवास

माशांचे उत्सर्जन व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइटमध्ये, तर दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. हे जिवाणू खडकांवर स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. समुद्री पाण्याचा सामू ८ च्या वर असल्याने अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यापेक्षा सहसा अधिक असतो. म्हणून या काळात टाकीत मासे सोडू नयेत. नायट्रेट तुलनेने सौम्य असते, परंतु त्याला बाहेर पडण्यास वाट नसल्यास ते साचत जाते.

आवकेचा हिशोब

२०० लिटरची टाकी उदाहरणादाखल घेऊ. रोज ४५ टक्के प्रथिनांचे १ ग्रॅम कोरडे खाद्य दिले, तर त्यात सुमारे ७२ मिलीग्रॅम नत्र असते. त्यातील एकतृतीयांश माशांच्या शरीरात राहिले असे धरले, तरी उरलेल्या नत्रापासून सुमारे २१३ मिलीग्रॅम नायट्रेट बनते. म्हणजे टाकीत रोज प्रतिलिटर १ मिलीग्रॅमहून थोडी अधिक आणि महिन्याला सुमारे ३२ मिलीग्रॅम भर पडते.

दुसरी आवक नजरेतून निसटते. पाण्याची वाफ होते, नायट्रेट मागे राहते. ४० मिलीग्रॅम प्रतिलिटर नायट्रेट असलेले कूपनलिकेचे पाणी पिण्याच्या पाण्यासाठी ठरविलेल्या ४५ मिलीग्रॅमच्या भारतीय मानकात बसते. उन्हाळ्यात रोज २ लिटर वाफेची तूट याच पाण्याने भरून काढल्यास महिन्याला प्रतिलिटर आणखी १२ मिलीग्रॅमची भर पडते. दोन्ही मिळून आवक ४४ मिलीग्रॅम होते.

अशा टाकीत महिन्यातून एकदा २० टक्के पाणी बदलले, तर नायट्रेटची पातळी हळूहळू २२० मिलीग्रॅमपर्यंत चढून तेथे स्थिरावेल. कारण त्या पातळीचे २० टक्के म्हणजेच ४४. याउलट, खाद्य निम्मे केले, तूट भरण्यास व मीठ विरघळविण्यास आरओ पाणी वापरले आणि दर आठवड्याला २० टक्के पाणी बदलले, तर हीच पातळी २० मिलीग्रॅमच्या आत राहते. या फरकासाठी कोणतेही औषध लागत नाही.

निरीक्षण

पिकात कीड मोजल्याशिवाय फवारणीचा निर्णय घेतला जात नाही; येथेही आठवड्यातून एकदा मोजणी करून नोंद ठेवावी. समुद्री पाण्यासाठी योग्य असलेला चाचणी संच घ्यावा. संचावरील आकडा ‘नायट्रेट-नायट्रोजन’चा असल्यास त्याला ४.४३ ने गुणावे. माती-पाणी प्रयोगशाळांच्या अहवालातही हा गोंधळ होतो. पाण्यात नायट्राइट असताना नायट्रेटचा आकडा फसवा, म्हणजे वाढीव येतो. प्रवाळखडकासारखी रचना असलेल्या टाकीसाठी नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलीग्रॅम प्रतिलिटर ही सोयीची मर्यादा मानावी. नायट्रेट २० च्या वर गेल्यास कृती करावी.

उपायांचा क्रम

१. मासे कमी ठेवावेत आणि काही आठवड्यांच्या अंतराने थोडे थोडे सोडावेत. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. गोठविलेले खाद्य वितळवून त्याचे पाणी टाकून द्यावे. त्यात फॉस्फेट असते.

२. प्रोटीन स्किमर वापरावा. तो सेंद्रिय पदार्थ कुजण्यापूर्वीच फेसाबरोबर बाहेर काढतो.

३. स्वतंत्र कप्प्यात प्रकाश देऊन समुद्री शैवाल वाढवावे व नियमित काढावे. काढलेल्या शैवालाबरोबर नत्र व स्फुरद टाकीबाहेर जातात. न काढल्यास ते कुजून परत येतात.

४. खडकांच्या आतील प्राणवायूरहित भागात काही जिवाणू नायट्रेटचे नत्रवायूत रूपांतर करतात. ही क्षमता येण्यास काही महिने लागतात. तोपर्यंत खडकांची मांडणी बदलू नये.

५. बायोफ्लॉक टाकीत गूळ घालतात, त्याच तत्त्वावर व्हिनेगरसारखा कर्बस्रोत देणे हा शेवटचा उपाय होय. मात्रा चुकल्यास जिवाणू झपाट्याने वाढून प्राणवायू घटतो व मासे दगावतात. नव्या टाकीत तो टाळावा.

शून्याचा हट्ट नको

नत्र आणि स्फुरद पूर्णपणे संपविणेही घातक ठरते. उपयुक्त शैवाल व जिवाणू उपाशी राहतात आणि रिकाम्या जागेवर चिकट, तपकिरी डायनोफ्लॅजेलेट पसरतात. स्फुरद संपल्यास नायट्रेट वापरले जाणेही थांबते. ज्या अन्नद्रव्याची कमतरता असते तेच वाढ रोखते, हा पीकपोषणातील नियम येथेही खरा ठरतो.

शेवाळ दिसताच बाटलीबंद औषध विचारणाऱ्यास विस्तार कार्यकर्त्याने प्रथम तीन प्रश्न विचारावेत: खाद्य किती ग्रॅम, भरीचे पाणी कोठले आणि मासे किती? बहुतेक वेळा उत्तर तेथेच सापडते.