हरणासाठी लिव्हर-ॲक्शन : काडतूस कोणतं घ्यावं?

प्रश्न : मी पेनसिल्व्हेनियात राहतो. यंदा ऑफिसातल्या मित्रांबरोबर पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला जायचा विचार आहे. रायफल लिव्हर-ॲक्शनच घ्यायची, एवढं ठरलंय. दुकानदार .४५-७० घ्या म्हणतो, मित्र .३०-३० वर ठाम आहेत. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, पिट्सबर्ग

उत्तर : मित्रांचं ऐका. तुमच्याकडच्या दाट झाडीत पांढऱ्या शेपटीचं हरीण दिसतं ते बहुतेकदा शंभर यार्डांच्या आतच. तेवढ्या अंतराला .३०-३० विंचेस्टर पुरून उरतं आणि नवख्या माणसाच्या खांद्याला झेपतंही.

जॉन ब्राउनिंग यांनी रचना केलेल्या विंचेस्टर १८९४ या रायफलीसाठी १८९५ साली हे काडतूस बाजारात आलं. आज त्यात साधारण १५० किंवा १७० ग्रेन वजनाची गोळी मिळते. १५० ग्रेन म्हणजे जवळपास पावणेदहा ग्रॅम. ही गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २,४०० फूट वेगाने सुटते. शंभर यार्डांवर नेम जुळवून घेतला, तर दोनशे यार्डांवर ती आठेक इंच खाली उतरते. हरणाच्या खांद्यामागचा हृदय-फुप्फुसांचा भाग जेमतेम तेवढाच असतो. म्हणून दीडशे यार्डांपलीकडे चाप ओढायचा नाही, हा नियम आधीच मनाशी पक्का करा.

गोळी निवडताना एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. अशा बहुतेक रायफलींत नळीखाली दुसरी एक नळी असते आणि तिच्यात काडतुसं एकामागे एक आडवी राहतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर, म्हणजे नेमकं प्रायमरवर टेकतं. टोक अणकुचीदार आणि कडक असेल, तर बार उडताना बसणाऱ्या धक्क्याने नळीतलंच काडतूस फुटू शकतं. म्हणून चपट्या टोकाची किंवा खास लिव्हर-ॲक्शनसाठी केलेली मऊ पॉलिमर टोकाची गोळीच वापरा.

दुकानदाराचं .४५-७० अमेरिकी लष्कराने १८७३ मध्ये स्वीकारलेलं. त्याची ३०० ग्रेन किंवा त्याहून जड गोळी अस्वलालाही भारी पडते. पण हरणासाठी एवढ्या ताकदीची गरज नाही, आणि हलक्या रायफलीत तिचा धक्का जोरदार बसतो. दोन-चार बार झाले की शरीर धक्क्याच्या धास्तीने आधीच आक्रसतं, चाप ओढताना डोळे मिटतात आणि नेम चुकतो. पोटात गोळी बसलेलं हरीण तासन्‌तास तडफडतं. मोठ्या काडतुसाने वाईट नेम भरून निघत नाही.

बाकीचे पर्याय थोडक्यात : .३५ रेमिंग्टन उत्तम, पण काडतुसं सहज मिळत नाहीत. .४४ मॅग्नम शंभर यार्डांच्या आत चांगलं. मोकळ्या शेतांवर लांबचा बार करायचा असेल, तर ब्राउनिंग बीएलआरसारख्या पेटी-मॅगझीनच्या रायफलीत .३०८ घ्या, तिथे टोकदार गोळी चालते.

कायदाही पाहायला हवा. शेजारच्या ओहायोने २०१४ मध्ये हरणासाठी रायफलीला परवानगी दिली ती फक्त सरळ कवचाच्या काडतुसांना. .३०-३० चं कवच तोंडाशी निमुळतं होतं, त्यामुळे ते त्यात बसत नाही. तिकडे जायचा बेत असेल, तर त्या वर्षीचे नियम वाचूनच रायफल घ्या. तुम्ही एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल, तर संघराज्याच्या कायद्याने बंदूक जवळ बाळगता येत नाही. राज्याचा वैध शिकार परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. तेव्हा आधी परवाना, मग दुकान.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांची शिकार बंद झाली. त्यामुळे हे ज्ञान आपल्यापैकी बहुतेकांना घरातून मिळालेलं नसतं. पेनसिल्व्हेनियात पहिला परवाना काढण्याआधी शिकारीचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. ते मन लावून करा. काडतुसांच्या दोन-तीन पेट्या नेमबाजीच्या मैदानावर संपवा, बसून आणि झाडाला टेकून नेम धरायचा सराव करा. ज्या अंतरावर पाचपैकी पाच गोळ्या पसाभर वर्तुळात बसतात, तेच तुमचं अंतर. त्यापलीकडचं हरीण जाऊ द्या.