मन लागायची वाट पाहू नकोस

॥ श्री मन्मथमाउली प्रसन्न ॥
कपिलधार, कार्तिक वद्य पंचमी



इथली मन्मथमाउलींची पौर्णिमेची यात्रा पार पडली. अभ्यासापायी तू आला नाहीस, त्याचा राग नाही. पण फोनवर म्हणालास, "काका, काहीच करावंसं वाटत नाही. मन लागलं की पुन्हा सुरुवात करतो." तेवढ्या बोलण्यासाठी हे पत्र लिहितोय.

लेकरा, मनाला हुकूम सोडता येत नाही. उठायची वेळ, जेवणाची वेळ आणि पाय मात्र आपलं ऐकतात, आणि बहुतेकदा मन त्यांच्या मागून येतं. उदासीवर उपचार करताना तज्ज्ञसुद्धा आधी छोटं काम नेमून देतात. हुरूप नंतर येतो. तुझी आजी रोज इष्टलिंगाची पूजा करते. आज प्रसन्न वाटतंय का, हे ती आधी स्वतःला विचारत बसत नाही.

इथं लातूर-नांदेडकडून, कर्नाटक-तेलंगणातून दिंड्या येतात, त्यांची रीत तू लहानपणापासून पाहिलीस. पहाटे निघायचं, ऊन चढलं की विसावा, ठरल्या गावी मुक्काम, पंगतीला जेवण, भजन झालं की झोप. कुणाच्या पायाला फोड आला तर शेजारच्याला लगेच कळतं. तुझी एमपीएससीची वाट त्यांच्याहून लांबची आहे, आणि तू ती ना विसावा, ना मुक्काम, ना सोबत, अशी चालतोयस. मग मन बसकण मारणारच.

आधी झोप सुधार. रात्री झोप येणं आपल्या हाती नसतं, पण सकाळी उठणं बरंचसं असतं. म्हणून उठायची एकच वेळ धर, रविवारीसुद्धा, आणि उठल्यावर थोडा वेळ उजेडात ये. सात-आठ तासांची झोप म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे. दिवसभर वाचलेलं झोपेत पक्कं होतं. अभ्यासिकेबाहेरचा संध्याकाळचा चहा सोड. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात. म्हणजे सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन अकरालाही अंगात असतं. मोबाइल अंथरुणात नको. चांगलं गजराचं घड्याळ घे, पैसे मी देतो.

मेसचं जेवण चुकवून वडापाववर दिवस काढू नकोस. रोज अर्धा तास चाल. आठवड्याला दीडशे मिनिटं तरी अंग हलवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच दिवसांत ते होतं. चालताना कानात चालू घडामोडींची व्याख्यानं घालू नकोस. तंबाखू-सिगारेटनं ताण उतरतो, हा भ्रम आहे. तलफ भागते, एवढंच.

आणि बोल. कट-ऑफ आणि उत्तरतालिकेवरची चर्चा मी बोलण्यात धरत नाही. "आज भीती वाटली" असं ज्याला सांगता येईल असा एक जण ठेव. रूममेट असो, नाहीतर मी. उगाच घोळत राहणाऱ्या काळज्या संध्याकाळी कागदावर उतरव. ज्यावर उद्या काही करता येईल तिच्यापुढे खूण कर, बाकीच्या कागदावरच राहू देत. पास झालेल्यांच्या मुलाखती मात्र काही दिवस बंद.

हे सगळं एकदम सुरू करू नकोस. या आठवड्यात उठायची वेळ आणि चालणं, दोनच. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच. दंड म्हणून दुप्पट करायचं नाही.

आता महत्त्वाचं. नेमानं सगळंच बरं होत नाही. दोन आठवडे रोज, दिवसाचा बराच वेळ उदास वाटलं, झोप-भूक उडाली, कशातच गोडी उरली नाही, तर डॉक्टर गाठायचा. तुझ्याजवळ पुण्यातल्या ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. गावी आलास तर अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात आहे. 14416 हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक 2022 पासून चालू आहे; फुकट, रात्रंदिवस, मराठीतून बोलता येतं. जगणं नकोसं वाटण्याचा विचार आला तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच घडीला कुणालातरी उठव, मला मध्यरात्री फोन कर. आपल्या बीड जिल्ह्यानं कर्जापायी, नापिकीपायी कितीतरी कर्ती माणसं गमावली. त्यांतले कितीतरी जण घरात कुणाजवळ काही बोललेच नव्हते. लोक काय म्हणतील, ते मी बघून घेईन.

रविवारी फोन करशील तेव्हा किती पानं झाली ते सांगू नकोस. किती वाजता उठलास आणि कुणाबरोबर जेवलास, तेवढं सांग.

तुझा,
काका