पांडुरंगचा पांडुर: जुन्या कॉलमचा टाइप बदलताना

जुनी वेब-ॲप्लिकेशन्स सांभाळणं हा माझा धंदा. पतसंस्था, बाजार समित्या, शिक्षणसंस्था. कुणीतरी कधीकाळी पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये लिहून दिलेलं, लिहिणारा केव्हाच दुसऱ्या नोकरीत गेलेला, आणि कारभार मात्र रोज त्यावरच चालू. अशा ठिकाणी एक वाक्य हमखास कानावर येतं: “नुसता कॉलमचा टाइप तर बदलायचाय, पाच मिनिटांचं काम.” कमांड एका ओळीचीच असते, हे खरं. पण त्या कॉलममध्ये आजवर काय काय साठलंय आणि ते कोण कोण वाचतंय, हे शोधण्यातच सगळा वेळ जातो. माझ्या मते तेच खरं काम.

१. आधी वाचणारे शोधा

कोडमध्ये कॉलमचं नाव शोधलं की झालं, असं होत नाही. जुन्या पीएचपीत ‘सिलेक्ट स्टार’ करून पाचव्या जागेवरचं मूल्य उचललेलं असतं; तिथे नावाचा पत्ताच नसतो. शिवाय रात्रीचा क्रॉन जॉब, एसएमएस पाठवणारी स्क्रिप्ट, एखादा ट्रिगर, आणि ऑडिटरसाठी कुणीतरी थेट डेटाबेसला जोडून दिलेली एक्सेल शीट. यातलं बरंचसं कोडच्या फोल्डरमध्ये नसतंच. म्हणून मी मायएसक्यूएलचा जनरल लॉग चालू करतो आणि महिनाअखेर त्यात सापडेल असं बघतो. (लॉग फार फुगतो, डिस्कवर डोळा ठेवावा लागतो.) तरीही पतसंस्थेची लाभांश यादी वर्षातून एकदाच निघते, वार्षिक सभेच्या सुमारास. ती लॉगमध्ये कुठून दिसणार? त्यासाठी कारकुनाशेजारी खुर्ची ओढून बसायचं आणि विचारायचं, “मार्चअखेरीला काय काय काढता?” एवढ्या एका प्रश्नाने मला कुठल्याही टूलपेक्षा जास्त माहिती दिली आहे.

२. सगळ्यांचा मोबाइल एकच

मोबाइल नंबरचा कॉलम ‘इंट’ असलेला मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलाय. इंटची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७. आपला दहा आकडी मोबाइल ६, ७, ८ नाहीतर ९ ने सुरू होतो, म्हणजे एकही नंबर त्यात मावत नाही. ‘अनसाइन्ड’ केलं तरी धाव ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच. मायएसक्यूएल ५.७ पासून, म्हणजे २०१५ पासून, स्ट्रिक्ट मोड मुळातच चालू असतो आणि असा नंबर घालायला गेलं की एरर येते. तो मोड नसलेला सर्व्हर मर्यादेइतका आकडा गुपचूप ठेवून घेतो आणि एक वॉर्निंग देतो. ती वॉर्निंग पीएचपीत कोणी वाचत नाही. परिणामी टेबल उघडलं तर ओळीमागून ओळ २१४७४८३६४७, आणि मधूनच एखादा जुना लँडलाइन नंबर तेवढा शाबूत.

कॉलम व्हार्चार केला म्हणून गेलेले नंबर परत येत नाहीत. तेव्हा टाइपला हात लावण्यापूर्वी त्या कॉलमवर ‘ग्रुप बाय’ चालवावं आणि सगळ्यात जास्त वेळा आलेली मूल्यं वर आणून नुसती वाचावीत. मूळ कॉलममध्ये काय गडबड आहे ते पहिल्या वीस ओळींत कळतं.

आणि व्हार्चार झाल्यावर एक नवं दुखणं सुरू होतं. जुन्या कोडमध्ये नंबर अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेला असतो. मग मायएसक्यूएल प्रत्येक ओळीतल्या मजकुराचा आधी आकडा करतं, नंतर ताडून पाहतं, आणि इंडेक्स असून नसल्यासारखा होतो. उत्तर बरोबरच येतं, फक्त वेळ लागतो. टेस्टच्या छोट्या टेबलावर तर तोही जाणवत नाही.

३. मराठी नावं लॅटिनमध्ये कशी राहतात

मायएसक्यूएल ८.० येईपर्यंत नवं टेबल केलं की कॅरॅक्टर सेट आपोआप ‘लॅटिन-१’ मिळायचा, आणि क्रमवारी स्वीडिश पद्धतीची, कारण हा डेटाबेस मूळचा स्वीडनचा. सांगली-साताऱ्याच्या सभासदांची यादी स्वीडिश नियमांनी लावलेली मी पाहिली आहे. कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार का नव्हती, तर वेब पेज यूटीएफ-८ मध्ये आणि डेटाबेसचं कनेक्शन लॅटिन-१ म्हणून उघडलेलं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ते तीन बाइट म्हणजे तीन लॅटिन अक्षरं आहेत असं समजून डेटाबेस ठेवून घेतो आणि मागितल्यावर तसेच परत देतो. ब्राउझर त्यांचं पुन्हा मराठी करतो. वर्षानुवर्षं सगळं ठीक. ज्या दिवशी कुणी दुसऱ्या टूलने टेबल उघडतं, त्या दिवशी दिसतं: प्रत्येक चिन्हाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, त्याच्यापुढे चलनाचं गोल चिन्ह किंवा येनचं चिन्ह, आणि आणखी काहीतरी एक.

इथे ‘कन्व्हर्ट टू’ कमांड देऊन थेट यूटीएफ-८ केलं, की डेटाबेस आज्ञाधारकपणे त्या लॅटिन अक्षरांचंच यूटीएफ-८ करतो. तीन बाइटचे सहा-सात होतात आणि मराठी दोन थरांखाली गाडली जाते. रस्ता असा: आधी कॉलम ‘व्हारबायनरी’ करायचा, म्हणजे डेटाबेस त्याला मजकूर समजणं सोडून देतो, मग ‘यूटीएफ-८-एमबी-४’चा व्हार्चार करायचा. बाइट तेच राहतात, फक्त त्यांच्यावरची पाटी बदलते. कनेक्शनचा कॅरॅक्टर सेटही त्याच वेळी बदलावा लागतो. एक दिवस मागे-पुढे चालत नाही.

एवढं करूनही दुसऱ्या पायरीला ‘इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू’ अशी एरर येते. नावाचा कॉलम पन्नास लांबीचा धरा. लॅटिनमध्ये पन्नास अक्षरं म्हणजे पन्नास बाइट, आणि मराठीत जेमतेम सोळा चिन्हं. ‘ज्ञानेश्वर’ या नावात, हलन्त आणि मात्रा धरून, दहा चिन्हं आहेत: तीस बाइट. मधली जागा एक. उरले एकोणीस. त्यात ‘पांडुरंग’मधली पहिली सहा चिन्हं बसतात, अठरा बाइट, आणि अनुस्वाराचा पहिला बाइट तेवढा आत येतो. बाकीचे दोन बाहेर. म्हणून वडिलांचं नाव ‘पांडुर’ आणि पुढे एक अनाथ बाइट. ब्राउझर त्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दाखवतो आणि लोक ते प्रिंटरच्या माथी मारतात. यूटीएफ-८ मात्र असला अर्धा तुकडा चालवून घेत नाही. असे सगळे तुकडे आधी शोधून छाटावे लागतात, आणि पूर्ण नाव सभासद अर्जावरूनच मिळतं.

सगळ्या ओळी एकसारख्याही नसतात. ‘हेक्स’ करून पाहावं. ई०ए४ किंवा ई०ए५ ने सुरू होणारी नावं साधी, व्हारबायनरीच्या रस्त्याने सुटणारी. सी३ए० ने सुरू होणारी आधीच दोनदा गुंडाळली गेलेली. त्यांचा एक थर वेगळा काढावा लागतो. आणि नुसतं ३एफ३एफ३एफ असेल, तर ती खरोखरची प्रश्नचिन्हं आहेत. एखाद्या प्रोग्रॅमने कनेक्शन नीट यूटीएफ-८ म्हणून उघडलं आणि लॅटिन कॉलममध्ये मराठी लिहिलं. आख्ख्या साखळीत नियमाने वागलेला तो एकटा, आणि त्याचाच डेटा कायमचा गेला.

जाता जाता: मायएसक्यूएलचं नुसतं ‘यूटीएफ-८’ तीन बाइटपर्यंतच जातं. मराठी त्यात मावते, इमोजी मावत नाही. चार बाइटवाला ‘एमबी-४’ २०१० मध्ये आला. एखाद्या टेबलात व्हार्चार १९१ असा विचित्र आकडा दिसला, तर तोही याच प्रकरणातला: जुन्या इनोडीबीत इंडेक्सला ७६७ बाइटची मर्यादा होती, आणि १९१ चोक ७६४.

४. ‘मॉडिफाय’मध्ये सगळं पुन्हा लिहा

नुसता नवा टाइप लिहिला, की जुना ‘नॉट नल’, डीफॉल्ट, कॉमेंट आणि ऑटो इन्क्रिमेंटसुद्धा मुकाट्याने गळून पडतात. ‘शो क्रिएट टेबल’मधली आख्खी ओळ उचलायची आणि तीत टाइप तेवढा बदलायचा.

५. पैशाचा कॉलम नुसता बदलू नका, नव्याने मोजा

रक्कम ‘फ्लोट’मध्ये ठेवलेली असेल तर ‘डेसिमल’ करावंच. पण नुसतं बदलून भागत नाही. फ्लोटमध्ये साधारण सात आकडे खरे राहतात. १२,३४,५६७.८९ रुपये फ्लोटमध्ये १२,३४,५६७.८७५ होतात, कारण त्या पट्ट्यात दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतरच साडेबारा पैशांचं आहे. डेसिमल केल्यावर ८८ पैसे. एक पैसा कमी आणि तेरीज जुळत नाही. लाखाच्या आतल्या रकमा मात्र फ्लोटमधूनही पैशापर्यंत नीट परत मिळतात. म्हणून मी व्यवहारांचं टेबल डेसिमल करतो आणि खात्यावरची शिल्लक त्या व्यवहारांची बेरीज करून नव्याने भरतो. ऑडिटरला हे समजावायला वेळ लागत नाही. पैशाची किंमत त्याला ठाऊक असते.

६. ‘ईनम’मधला शून्य

ईनममध्ये ‘०’ आणि ‘१’ असे दोन पर्याय असले आणि कॉलम थेट टायनीइंट केला, तर डेटाबेस पर्यायाचा मजकूर सोडून त्याचा अनुक्रम उचलतो. शून्याचा एक होतो, एकाचा दोन. कोडमध्ये ‘इफ ॲक्टिव्ह’ असेल तर बंद केलेली सगळी खाती एका क्षणात चालू. मधे एकदा ‘चार’ करून घ्यावं, मग टायनीइंट.

७. कुलूप आणि रांग

टाइप बदलताना मायएसक्यूएल बहुतेक वेळा आख्खं टेबल नव्याने लिहून काढतं. तोवर वाचता येतं, लिहिता येत नाही. पण जास्त घात होतो तो रांगेमुळे. कुणीतरी सकाळपासून एखादा रिपोर्ट काढत बसलेला असतो. त्याची क्वेरी संपेपर्यंत आपलं अल्टर थांबून राहतं, आणि अल्टरच्या मागे आलेल्या साध्या सिलेक्ट क्वेऱ्याही थांबतात. घाटात एसटी बंद पडावी तशी. या थांबण्याची मूळची मुदत ३,१५,३६,००० सेकंद आहे, म्हणजे बरोबर एक वर्ष. अल्टर देण्याआधी आपल्या सेशनपुरती ती पाच-दहा सेकंदांवर आणावी. जमलं नाही तर आपलं अल्टर मरेल, काउंटर चालू राहील.

झालेलं अल्टर ‘रोलबॅक’ होत नाही, हेही मायएसक्यूएलचंच. पोस्टग्रेसमध्ये ती सोय आहे. मोठ्या टेबलासाठी पर्कोनाचं ऑनलाइन टूल किंवा गिटहबने २०१६ मध्ये खुलं केलेलं ‘घोस्ट’ आहेच: शेजारी नवं टेबल भरत राहायचं आणि शेवटी नावांची अदलाबदल. छोट्या संस्थेत मला शेजारी नवा कॉलम जोडणं जास्त पटतं. काही दिवस दोन्हींत लिहायचं, जुना डेटा हजार-हजार ओळींनी भरायचा, मग वाचणारे एकेक करून हलवायचे.

८. आयडी वाढवला, मुलं राहिली

नोव्हेंबर २००६ मध्ये स्लॅशडॉट या साइटच्या कॉमेंट्स १,६७,७७,२१५ च्या पुढे गेल्या आणि उत्तरं देणं बंद पडलं, कारण ‘अनसाइन्ड मीडियमइंट’ची धाव तिथे संपते. ८ नोव्हेंबर २०१८ ला बेसकॅम्पचं इंट संपलं आणि सेवा काही तास फक्त वाचण्यापुरती उरली. बेसकॅम्प ज्यावर चालतं त्या रेल्सने २०१७ मध्येच नव्या टेबलांचा आयडी बिगइंट केला होता; जुनी टेबलं जुनीच होती. मुख्य आयडी मोठा करताना त्याकडे बोट दाखवणारे सगळे कॉलम मोजावे लागतात. जुन्या ॲप्लिकेशनमध्ये फॉरेन की लिहिलेलीच नसते, त्यामुळे डेटाबेस अडवतही नाही.

९. जुना कॉलम उडवू नका, नाव बदला

सगळं हलवून झाल्यावर मी जुन्या कॉलमच्या नावाला शेपूट जोडतो आणि तसाच ठेवतो. कुणी अजून तो नावाने वाचत असेल तर लगेच एरर येते, फोन येतो, आणि नाव परत करणं क्षणाचं काम असतं. सप्टेंबरची वार्षिक सभा आणि त्यानंतरचं मार्चअखेर पार पडेपर्यंत ‘ड्रॉप’ची कमांड फाइलमध्ये लिहून ठेवलेली असते, आणि तिच्यावर तारीख.