चाक बसवल्यानंतरची पाच मिनिटं

दुचाकीचे ब्रेक घरी बदलणं अवघड नाही, आणि घोळ तिथंच आहे. पुढचे डिस्क पॅड बदलायला एक-दोन पाने, एलन की आणि स्वच्छ फडकं पुरतं. मागच्या ड्रमसाठी चाक उतरवावं लागतं, एवढाच काय तो व्याप. इंजिन उघडायला हात धजावत नाही, ब्रेकला मात्र कुणीही हात घालतो. मीही घातला. ब्रेकचा स्वभाव असा, की तो चुकीचा बसला तरी कुरकुर करत नाही. चेन सैल राहिली तर खडखडते, प्लगमध्ये गडबड झाली तर किका मारून घाम निघतो. ब्रेकमध्ये चूक राहिली तर गाडी झोकात सुरू होते आणि झोकात निघते. चूक कळते ती थांबायची वेळ आल्यावर.

माझी गाडी दीडशे सीसीची, एबीएस सक्तीचं होण्याच्या आधीची. पुढे डिस्क, मागे ड्रम. रविवार सकाळ होती, सामान हाताशी होतं, तेव्हा पुढचे पॅड आणि मागचे लायनर एकाच बैठकीत उरकून टाकायचं ठरवलं. दोन्ही कामं मनासारखी झाली. हात धुतले, गाडी सुरू केली आणि सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावरून खाली सोडली. पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर अलगद मुठीला येऊन टेकला. मागचं पेडल दाबलं, तेही जमिनीच्या दिशेनं गेलं. खाली कुंड्यांची रांग होती. तीन-चार फुटल्या, मडगार्ड चेपलं, नडगी सोलवटली. पलीकडचं फाटक बंद होतं म्हणून एवढ्यावर भागलं. फाटकाबाहेर बसचा रस्ता आहे.

झालं होतं ते अगदी साधं. नवे पॅड जाड असतात. ते बसावेत म्हणून कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलावा लागतो. ढकललेला पिस्टन आपण होऊन पुढे येत नाही. लिव्हर दाबल्यावर थोडं ऑइल पुढे जातं, पिस्टन थोडा सरकतो, पुन्हा दाबल्यावर आणखी थोडा. असं बऱ्याच वेळा दाबल्यावर पॅड डिस्कला टेकतात आणि लिव्हर घट्ट होतो. मी तो एकदाही दाबला नव्हता. मागे ब्रेक रॉडचा नट कसाबसा आट्यांवर चढवून ठेवला होता, ‘नंतर ॲडजस्ट करू’ म्हणून. दोन्हीपैकी एक चूक असती तर दुसऱ्या ब्रेकनं सांभाळून घेतलं असतं. म्हणून माझा पहिला नियम असा झाला: पुढचा आणि मागचा ब्रेक एकाच दिवशी उघडायचा नाही. एक बदला, दोन-चार दिवस गाडी चालवा, खात्री पटली की दुसऱ्याला हात घाला.

पिस्टन मागे ढकलण्याआधी हँडलवरच्या ऑइलच्या डबीचं झाकण उघडा आणि आत किती ऑइल आहे ते बघा. पॅड झिजत जातात तशी ऑइलची पातळी खाली येते. हे नैसर्गिक आहे. पण आपण सर्व्हिसिंगच्या वेळी ‘कमी झालंय’ म्हणून वर ओततो. मग नव्या पॅडसाठी पिस्टन मागे ढकलला की जास्तीचं ऑइल डबीतून उतू जातं आणि टाकीवर ओघळतं. ब्रेक ऑइल रंग खातं. डबीभोवती फडकं गुंडाळा, सांडलंच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. पातळी वरच्या रेषेला भिडलेली असेल तर थोडं ऑइल सुईशिवायच्या सिरिंजनं आधीच काढून घ्या.

कॅलिपर डिस्कवरून उतरवलेला असताना लिव्हरला चुकूनही हात लावू नका. पुढं अडवायला डिस्क नसते, पिस्टन बाहेर येतो, आणि अर्ध्या तासाचं काम ऑइल गळण्यापर्यंत जातं. घरात लहान मूल असेल तर ते नेमका हाच लिव्हर ओढतं, त्यामुळे पोरांना लांब ठेवा. उतरवलेला कॅलिपर पाइपवर लोंबकळत ठेवायचा नाही. तारेनं वा दोरीनं फोर्कला बांधून ठेवा.

ब्रेक ऑइलच्या बाटलीवर डॉट ३, डॉट ४ असं लिहिलेलं असतं. डबीच्या झाकणावर जे लिहिलं असेल तेच घ्यायचं. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नव्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल मुरल्यावरच्या चाचणीत तोच १५५ अंशांपर्यंत चालतो. घाट उतरताना ब्रेक सतत धरून ठेवला, की कॅलिपर तापतो, ओलं ऑइल उकळू लागतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि बुडबुडे दाबले जातात, पिस्टन सरकत नाही. लिव्हर पोकळ लागतो तो यामुळे. तेव्हा गेल्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली कपाटातून काढून वापरायची काटकसर इथं नको.

आता माझा दुसरा पराक्रम. कुंड्यांचे पैसे भरून झाल्यावर मी गाडी नीट पुसायला घेतली आणि प्लास्टिक चमकवायच्या स्प्रेचा एक हात डिस्कवरही फिरवला. डिस्क आरशासारखी चकाकली. ब्रेक लागेना, वर किंचाळू लागला. पॅडचा पदार्थ तेल पितो. वरून पॉलिश पेपर घासला, पेट्रोलनं धुतलं, तरी आत मुरलेलं निघत नाही. नवेकोरे पॅड फेकून दुसरे आणले. डिस्क पुसायची तर ब्रेक क्लीनरनं किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, कोऱ्या कापडावर घेऊन. ग्रीस लागलेल्या बोटांनी पॅड किंवा लायनरचा घासणारा भाग धरायचा नाही. चेनला स्प्रे मारताना मागच्या डिस्कसमोर पुठ्ठा धरायचा. या बारीकसारीक गोष्टी गॅरेजमध्ये तरी सगळे पाळतात असं नाही, हेही सांगून टाकतो.

मागच्या ड्रमची गोष्ट जास्त गंभीर आहे. लायनर ज्या प्लेटवर बसतात ती प्लेट ब्रेक दाबल्यावर चाकाबरोबर फिरू पाहते. तिला धरून ठेवायला एक पट्टी किंवा रॉड मागच्या फोर्कला बांधलेला असतो. त्याच्या बोल्टच्या टोकाला नट सुटून पडू नये म्हणून छोटी स्प्लिट पिन असते. चाक काढताना मी ती पिन पक्कडीनं ओढून काढली होती आणि बसवताना विसरलो होतो. मडगार्ड सरळ करायला कोपऱ्यावरच्या मेस्त्रींकडे गेलो तेव्हा ते खाली वाकले आणि म्हणाले, “साहेब, इथली पिन कुठंय?”

“राहिली असेल. नट तर घट्ट केलाय.”

“नट हादऱ्यानं सुटतो. हा रॉड निसटला की प्लेट गरकन फिरते आन् चाक जाम. पिन दोन रुपयाला मिळत नाही का?”

मिळते. आणि एकदा वाकवलेली पिन परत वापरायची नसते, नवीन घालायची. ज्यांच्या गाडीला पुढेही ड्रम आहे त्यांनी प्लेटची खाच फोर्कवरच्या ठोकळ्यात बसली आहे ना, हे बोट लावून बघावं. तिथंही काम तेच आहे, प्लेटला फिरू न देण्याचं.

ड्रम उघडल्यावर आत काळी धूळ दिसते. तिच्यावर तोंडानं फुंकर मारू नका, हवेचा पाइपही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जाऊन बसतं. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. दुकानात लायनर मागताना गाडीचं नाव सांगून भागत नाही, वर्ष आणि मॉडेलही सांगा. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या मॉडेलना ११० आणि १३० मिलिमीटरचे ड्रम असू शकतात. जुना लायनर सोबत नेला तर उत्तम. सुट्टा, खोक्याशिवायचा माल घेऊ नका.

लायनर बसवताना कॅमला ग्रीस लावायचं ते नखभर. जास्त झालं तर गरम होऊन ड्रममध्ये पसरतं. ॲक्सलचा नट शेवटचा आवळताना ब्रेक पेडल दाबून धरा, म्हणजे लायनर ड्रमच्या मधोमध बसतात. मग चाक हातानं फिरवा, पेडल दाबून बघा, रॉडचा नट थोडा थोडा आवळा. पेडलला दोन-तीन सेंटिमीटरची मोकळी चाल बहुतेक गाड्यांत असते, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत पाहा. ब्रेकचा लाल दिवा लागतो का तेही बघा. ॲडजस्टमेंट बदलली की तो उशिरा लागतो किंवा सतत पेटून राहतो, आणि मागचा ट्रकवाला त्या दिव्यावरच विसंबून असतो.

चाक बसल्यानंतरची ही पाच मिनिटं खरी महत्त्वाची. गाडी डबल स्टँडवर असतानाच लिव्हर घट्ट होईपर्यंत दाबा. ऑइलची पातळी पुन्हा पाहा. प्रत्येक नटाला एकदा पाना लावून मनात त्याचं नाव घ्या. मग गाडी सुरू न करता, सपाट जागी, हातानं ढकलत ब्रेक लावून पाहा. उतारावर नाही. त्यानंतर रिकाम्या रस्त्यावर सावकाश. नवे पॅड आणि लायनर पहिले काही शे किलोमीटर पूर्ण धरत नाहीत; पृष्ठभाग एकमेकांत बसायला वेळ लागतो. शनिवारी ब्रेक बदलून रविवारी पसरणीचा किंवा वरंध घाट उतरायला जाऊ नका. आणि घाटात कुठल्याही ब्रेकनं उतरा, गिअर खालचा ठेवा.

काय घरी करायचं आणि काय नाही, यावर माझं मत आता पक्कं आहे. पॅड, लायनर, ॲडजस्टमेंट घरी. पण ऑइलचा पाइप सोडवायचा असेल, पिस्टनभोवती ओल दिसत असेल, वारंवार दाबूनही लिव्हर स्पंजासारखा लागत असेल तर घरी थांबायचं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. त्या गाड्यांत चाकाजवळ सेन्सर आणि दातेरी चकती असते, चाक काढताना त्यांना धक्का लागू द्यायचा नाही, आणि ऑइलची हवा काढायचं काम तर हौशी माणसानं करूच नये. चारचाकीच्या बाबतीत आणखी एक: नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही, खाली पक्के स्टँड लावायचे, नाहीतर काम द्यायचं. गॅरेजला दिलेल्या मजुरीची लाज वाटायचं कारण नाही. फक्त गाडी परत घेताना, किल्ली लावायच्या आधी, उभ्या उभ्या दोन्ही ब्रेक दाबून पाहा. मेस्त्रीही माणूसच आहे.