ब्रेक ऑइल कमी होतंय? नुसती भर घालू नका

प्रश्न : माझी छोटी हॅचबॅक नऊ वर्षं जुनी आहे. महिन्याभरात ब्रेक ऑइल दोनदा किमान खुणेखाली गेलं. जमिनीवर मात्र थेंब नाही. गळती कुठे असेल? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी गाडी चालवणं थांबवा. पॅड झिजले की पातळी थोडी उतरते, पण इतक्या लवकर दोनदा नाही. ही गळतीच आहे.

तुमच्या गाडीला मागे ड्रम ब्रेक असतील, तर ड्रम काढून व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड हलकेच उचला. आत ओल दिसली, तर सिलिंडर बदला. ऑइलने भिजलेले ब्रेक शू धुऊन वापरू नका. दोन्ही बाजूंचे नवे टाका. पुढच्या चाकांशी कॅलिपर आणि रबरी होज तपासा. स्टीलची नळी गंजली असेल, तर डाग न लावता बदलूनच घ्या.

चारही चाकं कोरडी असतील, तर मास्टर सिलिंडरचं मागचं सील बघा. तिथून ऑइल व्हॅक्यूम बूस्टरमध्ये उतरतं, म्हणून जमिनीवर दिसत नाही. मास्टर सिलिंडर सोडवल्यावर त्याचं मागचं टोक ओलं दिसेल.

दुरुस्तीनंतर ब्लीडिंग करून हवा काढाच. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं, सीलबंद डब्यातलं ऑइल वापरा. रंगावर सांडलं, तर लगेच पाण्याने धुवा. गॅरेजपर्यंत गाडी टो करूनच न्या.