टिक की स्वमग्नता? एका जुन्या कागदाविषयी



या सदरात बेणे, खते, पाणी आणि तोड यांखेरीज सहसा दुसरे काही येत नाही. परंतु यंदा लागणीच्या नोंदी घेताना आळे गटातील एका सभासदाने जो प्रश्न विचारला, तो उसाचा नव्हता. आम्ही त्यावर वाचले, जाणकारांना विचारले, आणि असा प्रश्न आणखीही घरांत असणार असे वाटल्याने त्यांच्या परवानगीने, नाव-गाव न देता, येथे मांडत आहोत.

ते म्हणाले, "साहेब, आमचं पोरगं आठ वर्षांचं असताना सारखं डोळे मिचकवायचं, मान झटकायचं, घशातनं खाकरल्यासारखा आवाज काढायचं. तवा डॉक्टरांनी कागदावर 'टिक डिसऑर्डर' असं लिहून गोळ्या दिल्या. आता ते बावीस वर्षांचं झालंय. मिचकावणं जवळजवळ गेलं. पण बाकीचं हाये तसंच हाये. पाहुणे आले की गोठ्यात जाऊन बसतं. आळेफाट्यावरनं सुटणाऱ्या एसटीच्या वेळा तोंडपाठ, पण कुणी 'काय चाललंय' म्हटलं तर उत्तर नाही. पुतण्या म्हणतो, तात्या, हे ऑटिझम असंल. मग तो पहिला कागद चुकीचा होता का?"

प्रश्न साधा दिसतो, पण त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. मुलाला चालू असलेली गोळी, त्याचे शिक्षण, नोकरी, लग्नाची बोलणी, आणि आईने इतकी वर्षे ऐकलेली बोलणी, हे सगळे त्या एका कागदाशी जोडलेले आहे.

प्रथम टिक म्हणजे काय ते पाहू. टिक म्हणजे अचानक, थोडक्या वेळाची, पुन्हापुन्हा होणारी हालचाल किंवा आवाज. डोळे मिचकावणे, नाक उडवणे, खांदा उचलणे, मान झटकणे, खाकरणे, हुंकार देणे ही नेहमीची उदाहरणे होत. साधारणतः चार ते सहा वर्षांच्या वयात सुरुवात होते, दहा ते बारा या वयात जोर असतो आणि पुढे पुष्कळांचे टिक अठरा-वीसपर्यंत कमी होतात. मुलींपेक्षा मुलग्यांत प्रमाण तीन-चार पट. महिनाभर जोर, मग महिनाभर आराम, मग डोळ्यांचे जाऊन खांद्याचे, असे ते फिरत राहते. पोरगे मुद्दाम करते असे घरच्यांना वाटते, कारण थोडा वेळ त्याला ते दाबून ठेवता येते. पण शिंक जशी दाबली तरी आत हुळहुळत राहते, तसे हे असते. शाळेत दिवसभर दाबलेले घरी आल्यावर उसळते. "बंद कर ते" असे दहादा सांगितले की आणखी वाढते. हालचाल आणि आवाज दोन्ही असतील आणि वर्षाच्या वर चालले असेल तर त्याला टुरेट सिंड्रोम म्हणतात. जॉर्ज जिल द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरने १८८५ साली नऊ रुग्णांचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. २०१८ सालच्या 'हिचकी' या हिंदी चित्रपटात राणी मुखर्जीने केलेली शिक्षिका आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तिला हाच आजार दाखवला आहे. शिव्या तोंडातून आपोआप येतात असा एक समज आहे, पण तसे फार थोड्या रुग्णांत असते.

आता ऑटिझम. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. शब्द चांगला असला तरी थोडा फसवा आहे, कारण मूल स्वतःत रमलेले असते एवढाच त्याचा अर्थ नव्हे. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन केले, तिथून हे नाव वैद्यकात रुळले. यात दोन गोष्टी एकत्र लागतात. एक, माणसामाणसांतली देवाणघेवाण जमण्यात अडचण : नजर, हावभाव, बोलण्यातला पुढचा-मागचा धागा, थट्टा, न बोललेले समजून घेणे. दोन, तोचतोचपणा : एकाच विषयाचा ध्यास, ठराविक क्रम मोडला की कासावीस होणे, हात फडफडवणे किंवा डोलणे, आवाज, वास, कपड्याचा स्पर्श यांचा अतिरेकी त्रास किंवा अतिरेकी ओढ. याची मुळे अगदी लहानपणापासून असतात, मग ती लक्षात केव्हाही येवोत. आईने लळा लावला नाही म्हणून हे होते, असे परदेशातले मोठमोठे लोकही एकेकाळी लिहीत असत. ते साफ खोटे ठरले. लसीमुळे होते हेही खोटे ठरले. आपल्याकडे "बाहेरचं काही" म्हणून देवऋषाकडे नेण्यात वर्षे जातात. ज्या आळ्यात माउलींच्या रेड्याची समाधी आहे, तिथे श्रद्धेवर आम्ही काही बोलणार नाही. देवाला जरूर जावे, पण त्यासाठी दवाखाना लांबणीवर टाकू नये एवढेच.

मग घोटाळा कुठे होतो? दोन्हीकडे पुन्हापुन्हा होणारी हालचाल असते, तिथे. टिक बहुधा चेहरा, मान, खांदा इथली, क्षणात येते आणि जाते, जागा बदलते, करणाऱ्याला नकोशी असते. स्वमग्नतेतले हात फडफडवणे किंवा डोलणे बहुधा तीन वर्षांच्या आधी सुरू होते, वर्षानुवर्षे त्याच ठशाचे राहते, लयीत चालते, आनंद झाला किंवा घाबरले की वाढते, आणि मुलाला त्यात बरे वाटते. हा फरक जाणत्यालाही पाच मिनिटांत कळेलच असे नाही. शिवाय आपण डॉक्टरकडे जे डोळ्याला दिसते तेच सांगतो. "डोळे मिचकावतो" हे सांगितले जाते. "बोट दाखवून कधी काही मागत नव्हता" हे कोणी विचारल्याशिवाय सांगितले जात नाही.

आपल्या धंद्यातले उदाहरण देतो. खोडवा फुटला आणि पाने पिवळी-पांढरी दिसू लागली की आपण म्हणतो केवडा पडला, आणि हिराकस फवारतो. चुनखडीच्या रानात ते बरोबरही असते, कारण लोह मिळत नसते. पण काही बेटांना गवतासारखे बारीक, फिकट फुटवे येतात आणि ऊसच धरत नाही. ती गवताळ वाढ, तिला हिराकस लागू पडत नाही. आणि एकाच रानात, क्वचित एकाच बेटात, दोन्ही असू शकतात. हिराकस फवारल्यावर हिरवी झाली ती पाने लोहाची होती. जे तसेच राहिले त्याचे कारण दुसरे शोधावे लागते. त्या सभासदाच्या मुलाचे मिचकावणे गेले आणि बाकीचे राहिले, म्हणून हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. उपमा मात्र इथेच सोडून देतो. गवताळ बेट उपटून टाकायचे असते. मूल तसे नसते.

तेव्हा "पहिला कागद चुकला का" याचे उत्तर बहुधा असे की, तो चुकलेला नसून अपुरा असू शकेल. टिक आणि स्वमग्नता एकाच माणसात असू शकतात, आणि टिक असणाऱ्यांत स्वमग्नतेचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते. पण इथे उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण हल्ली मोबाईलवर एखादा व्हिडिओ पाहून निदान करण्याची घाई फार झाली आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टुरेट असलेल्या मुलांपैकी सुमारे २३ टक्के मुले स्वमग्नतेच्या प्रश्नावलीतील रेषेच्या वर गेली. परंतु यातला बराच भाग मंत्रचळेपणाच्या लक्षणांमुळेही असू शकेल असे त्याच अभ्यासकांनी म्हटले. मंत्रचळ म्हणजे हात पुन्हापुन्हा धुणे, वस्तू सरळ रेषेतच लावणे, 'बरोबर वाटेपर्यंत' तेच करणे. टिक असणाऱ्या मुलांत हा आणि चंचलपणा, लक्ष न टिकणे, दोन्ही वारंवार सोबत असतात. तेव्हा ताटात भाजी-भाकरी वेगवेगळी ठेवणारे प्रत्येक पोरगे स्वमग्न नव्हे.

आणखी एक. वर्गात ज्याला सगळे "मिचक्या" म्हणून चिडवतात, ते मूल नजर चुकवायला शिकते, घोळक्यापासून लांब राहते. ती लाज असते, स्वमग्नता नसते. फरक ओळखण्याचा आमच्या मते चांगला प्रश्न हा : टिक सुरू होण्याच्या आधी, दोन-तीन वर्षांचे असताना, ते कसे होते? हाक मारल्यावर बघत होते का? चिमणी उडाली तर तुम्हाला बोटाने दाखवत होते का? खोटाखोटा चहा करून पाजत होते का? आणि आज, ज्याच्यापुढे लाज नाही अशा सख्ख्या चुलतभावाशी तरी गप्पा रंगतात का? हे सगळे पूर्वी नीट असेल तर मामला वेगळा, आणि पहिल्यापासूनच नसेल तर वेगळा. मुलींच्या बाबतीत जास्त सावध राहावे. त्या दुसऱ्यांचे पाहून वागणे उचलतात, त्यामुळे त्यांचे उशिरा लक्षात येते, आणि "लाजाळू आहे" म्हणून विषय संपतो.

फेरतपासणीला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. माती परीक्षणाला नमुना नीट घेतला नाही तर अहवाल काय कामाचा? आईला आणि आजीला शेजारी बसवून एक पानभर टिपण करावे. पहिला शब्द केव्हा, चालणे केव्हा, वर विचारलेल्या गोष्टी होत्या की नव्हत्या, टिक कोणत्या वर्षी सुरू झाले, कोणती हालचाल आधी, कोणती मागून. जुना कागद, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, शाळेची प्रगतिपुस्तके न्यावीत. घरातल्या जुन्या लग्नाच्या कॅसेटमध्ये मूल दिसत असेल तर तेही उपयोगी पडते. आज होणाऱ्या हालचालीचे मोबाईलवर चित्रण करावे, मात्र मुलाला सांगून. मूल मोठे असेल तर त्याला स्वतःलाच विचारावे की हालचालीच्या आधी आत काही दाटून येते का, आणि केल्यावर सुटल्यासारखे वाटते का. टिकमध्ये पुष्कळांना तसे वाटते. बावीस वर्षांच्या माणसाविषयी त्याला वगळून चर्चा करणे तर आम्हाला मुळीच पसंत नाही.

गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. टिक दाबणाऱ्या काही गोळ्यांनी झोप येते, वजन वाढते, माणूस सुस्त दिसतो, आणि ती सुस्तीच लोक स्वभाव समजतात. म्हणून डॉक्टरांना हेही विचारावे की टिक गेले असतील तर गोळी अजून लागते का. ती कमी करायची असल्यास हळूहळू, त्यांच्या सांगण्यानेच. टिकसाठी गोळीखेरीज सवय-पालटाचे शिक्षणही असते. हालचाल यायच्या वेळी तिच्याविरुद्ध दुसरी हालचाल धरून ठेवायला शिकवतात. २०१० साली अमेरिकेत १२६ मुलांवर झालेल्या तपासणीत या पद्धतीने निम्म्याहून अधिक मुलांना स्पष्ट फायदा झाला. स्वमग्नता घालवणारे औषध नाही. वाचाउपचार, व्यवसायोपचार, दिवसाचा ठरलेला क्रम, गोंगाटापासून आडोसा आणि सरळ शब्दांत बोलणे यांनी जगणे सोपे होते. म्हणजे नाव बदलले की उपायही बदलतो.

एक सूचना तातडीची. घसा धरून ताप येऊन गेल्यावर मुलाचे हातपाय नाचल्यासारखे वेडेवाकडे हलू लागले, वस्तू हातातून पडू लागल्या, तर ते टिक समजून थांबू नये. तो सांध्यांच्या तापाचा भाग असू शकतो आणि त्यात हृदयाच्या झडपांना धोका असतो. तसेच मूल मध्येच काही सेकंद टक लावून हरवत असेल तर फिट्सची तपासणी करावी.

जायचे कुठे? अठरा वर्षांच्या आतील मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, त्यांच्याकडे नाव द्यावे. त्यांच्यामार्फत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. आपले जिल्हा रुग्णालय औंधला आहे. रास्ता पेठेतील के.ई.एम. हॉस्पिटलमध्येही बालविकास केंद्र आहे. मोठ्या माणसाने ससूनच्या मानसोपचार विभागात जावे आणि "लहानपणी टिक सांगितले होते, आता स्वमग्नतेसाठी तपासा" असे स्पष्ट सांगावे. आधी फोनवर बोलायचे असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलतात.

निदान ठरल्यास कायद्याचा भाग येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. टिकचे नाव त्या यादीत वेगळे नाही. प्रमाणपत्रासाठी 'इसा' ही ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात. तीत ७० च्या खाली गुण असल्यास स्वमग्नता धरत नाहीत, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम आणि त्यावर तीव्र. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व लिहून आले तर सरकारी नोकरीतील राखीव जागांचा दरवाजा उघडतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली 'निरामय' ही वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. ज्यांना स्वतःचे व्यवहार सांभाळणे जमत नाही, त्यांच्यासाठी अठरानंतर कायदेशीर पालक नेमण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे असते. ज्याला आपले व्यवहार कळतात त्याच्यासाठी हे करू नये. सातबाऱ्यावरचे नाव काढण्यासाठी याचा उपयोग करू पाहणारी भावकी असते, म्हणून मुद्दाम लिहिले.

दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, त्याला आधार कार्ड, फोटो आणि राहण्याचा पुरावा लागतो. ज्यांना मोबाईलवर जमत नाही त्यांनी ही कागदपत्रे घेऊन गट ऑफिसला यावे. हंगामात आमची माणसे दिवसभर फडावर असतात, तरी संध्याकाळी पाचनंतर कोणी ना कोणी भेटेल.

आपला,
ऊस विकास अधिकारी